फ्लेक्स नको, चटणी चालेल: वकिलाचे आभार मानायचे म्हणजे काय?

प्रश्न: भावाला सोलापूर सेशन्स कोर्टात सात वर्षांची शिक्षा लागली होती, हायकोर्टात अपिलात निर्दोष सुटला. वकीलसाहेबांचा फोटो टाकून चौकात फ्लेक्स लावायचा विचार आहे, चालेल ना?

नाही ओ. आपल्याकडे वाढदिवसापासून दहावीच्या निकालापर्यंत सगळ्याला फ्लेक्स लागतो, ते कळतं मला, पण बार कौन्सिलच्या नियमात वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि तुम्ही हौसेनं लावला तरी खुलासा त्यांनाच द्यावा लागू शकतो. वर सरकार सुप्रीम कोर्टात जाऊ शकतं, त्यामुळे भावाच्या निकालाची सर्टिफाइड नक्कल आधी काढून जपून ठेवा. आभार मानायचेत तर दोन ओळींचं पत्र लिहा, हातानं. माझ्याकडं असं एक आहे, एका म्हाताऱ्या आशिलाचं, शेंगाचटणीच्या डब्यासोबत आलेलं. डबा त्यांनी टेबलावरच्या पेपरबुकवर, म्हणजे अपिलाच्या कागदांच्या गठ्ठ्यावर, ठेवला आणि तेलाचा डाग नेमका साक्षीदाराच्या उलटतपासावर पडला, तो अजून तसाच आहे. चटणी ऑफिसातच संपली, भाकरीची वाट कोण बघतंय.

प्रश्न: जेलमधल्या मुलाचं अपील विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी चालवलं. एक रुपया घेतला नाही. पाकीट द्यावं का?

पाकीट अजिबात नको. मोफत वकील मिळणं हा तुमच्या मुलाचा हक्कच होता, 1987 च्या कायद्यात कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता तो मिळतो, बायकांनाही मिळतो. बाईंनी तुमच्याकडून पैसे घेतले तर अडचणीत त्याच येतील. त्यापेक्षा प्राधिकरणाच्या सचिवांना लिहून कळवा की बाईंनी काम कसं केलं, तारखेला उभ्या राहिल्या, जेलमध्ये जाऊन मुलाला भेटल्या. तक्रारी ढीगभर येतात, असं पत्र क्वचितच.

प्रश्न: वकील म्हणतात सुटलास तर वेगळे पन्नास हजार दे. खुशीनं द्यायला तयार आहे.

ही खुशी नाही, सौदा आहे. निकालावर फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. ठरलेली फी द्या, पावती घ्या, विषय संपला.

प्रश्न: शिक्षेला स्थगिती मिळाली, जामीन झाला. पेढे वाटले, आता वकिलांना भेटायची गरज आहे का?

अहो पेढे जरा घाईत वाटलेत! शिक्षा थांबलीय, दोष गेलेला नाही, अपील अजून चालायचंय. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची अपिलं हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं जातात, तेव्हा तुमचं प्रकरण नेमकं कुठं आहे ते वकिलांना विचारा, मुंबई की कोल्हापूर. जामिनाच्या अटींचा कागद घरात दिसेल असा ठेवा. आणि नंबर बदललात तर आधी त्यांना कळवा, कारण सुनावणी बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या यादीत, लागते, वकील फोन लावत बसतात आणि आशील गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलेला असतो, हे मी स्वतः बघितलंय.