आजोबांचा आखाजीचा झोका

चि. सोनू,

काल तुझ्या मैत्रिणीने भिंतीवरचा आजोबांचा वर्दीतला फोटो पाहिला आणि तिचा प्रश्न तू माझ्याकडे आणलास. आजोबा कॅथलिक होते, दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचे, तर मग ते आखाजी का करायचे? ते खरे कॅथलिक होते की खरे मराठी? घाईत दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून निवांत लिहितोय.

आधी आखाजीचं सांगतो. अक्षय्य तृतीयेला आपल्या खानदेशात आखाजी म्हणतात. सण ऐन उन्हाळ्यातला. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात. पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि जेवायला आमरस आणि खापरावरचे मांडे. आपल्या घरी घागर भरली जात नसे. त्याबद्दल आजोबांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. आपल्या पितरांचा दिवस 2 नोव्हेंबर, असं ते सांगायचे. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना घेऊन कबरस्तानात जायचे, स्वतः गवत उपटायचे, कबरी धुवायचे आणि मेणबत्त्या लावायचे.

पण लेकीबाळींनी माहेरी यायचं, यात त्यांना परकं काय वाटणार? तुझ्या दोन्ही आत्यांना आणायला ते स्वतः जायचे. मुराळी म्हणून खरं तर भावाने जावं, पण मी तेव्हा लहान होतो. आत्या यायच्या आदल्या दिवशी अंगणातल्या निंबाला झोका बांधायचं काम सुरू व्हायचं आणि ते बघायला गल्लीतली पोरं जमायची. आजोबा बॉम्बे सॅपर्समधले. सॅपर म्हणजे सैन्यातले इंजिनिअर, पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे. त्यांचं शिक्षण पुण्याजवळ खडकीला झालं, तिथे दोराच्या गाठी हाताला पक्क्या बसल्या. फांदी दोराने घासू नये म्हणून आधी तिच्यावर पोत्याचा तुकडा गुंडाळायचे, मग बोलाइन नावाची गाठ मारायचे. कितीही वजन आलं तरी ती सरकत नाही, आणि काम झालं की सहज सुटते. पहिला झोका स्वतः घेऊन बघायचे, मगच मुलींना बसू द्यायचे. शेजारच्या पाटलांच्या लेकीही आमच्याच झोक्यावर असायच्या आणि त्यांच्या घरचे मांडे आमच्या ताटात.

आपली माणसं भुसावळची कशी झाली, तेही तुला माहीत असावं. 1860च्या दशकात तिथे रेल्वे आली, मोठं जंक्शन झालं आणि कामासाठी लांबलांबून कुटुंबं आली. आजोबांचे आजोबा नगर जिल्ह्यातून आले ते तिथलेच झाले. आजोबा लहानपणी चर्चमध्ये वेदीसेवक होते, तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची. ‘एत कुम स्पिरितु तुओ’ हे उत्तर त्यांना म्हातारपणीही पाठ होतं. 1962 ते 1965 या काळात व्हॅटिकनची दुसरी धर्मपरिषद झाली आणि लोकांच्या भाषेत मिस्सा करायची मोकळीक मिळाली. आजोबा सुट्टीवर आले आणि त्यांनी पहिल्यांदा पूर्ण मिस्सा मराठीत ऐकली. पेटी-तबल्यावर भजन सुरू झालं, तेव्हा रडू आलं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. आजोबांच्या डोळ्यांत पाणी मी फार क्वचित पाहिलं, म्हणून ते बोलणं मनात राहिलं.

पलटणीत मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. फौजेत एकाच आवारात मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च असतं आणि एकमेकांच्या सणाला सगळे उभे राहतात. त्यामुळे तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न त्यांना कधी पडलाच नसेल.

1971च्या लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. लढाई 3 डिसेंबरला सुरू झाली आणि 16ला थांबली, पण पेरलेले सुरुंग तसेच जमिनीत होते आणि सॅपरचं काम चालूच राहिलं. एकदाच त्यांनी मला करून दाखवलं होतं : पोटावर झोपायचं आणि टोकदार सळई मातीत तिरकी, हळूहळू सारायची. सरळ खाली दाबली तर टोक सुरुंगाच्या माथ्यावर पडतं. तिरकी गेली तर ती सुरुंगाच्या कडेला लागते. प्रत्येक वीत जमीन अशी तपासायची. त्या वर्षीचा नाताळ त्यांचा असाच गेला.

त्या दिवसांतली त्यांची पत्रं मला फार मोलाची वाटतात. पत्त्यात गावाचं नाव नसायचं, फक्त ‘56 एपीओ’, म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस. आजीला कळायचंच नाही की नवरा नेमका कुठे आहे. अंतर्देशीय पत्राच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे लोक ‘श्री’ लिहितात, तिथे आजोबा बारीक क्रूस काढायचे. आजी अमळनेरकडची, म्हणून मजकुरात मध्येच अहिराणी : ‘तब्येत बरी शे ना?’ मग मनीऑर्डर मिळाली का, पोरींच्या वह्या घेतल्या का, गाय किती दूध देते. लढाईबद्दल एक अक्षर नाही.

निवृत्तीनंतर भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी धरली आणि तिन्ही मुलांची शिक्षणं केली. नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सानंतर सगळा गोतावळा आपल्या अंगणात असायचा. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरच्या, लसूण आणि वांगी ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खायचं. केकही असायचा, पण आधी संपायचं ते भरीत.

ती पत्रं मोठ्या आत्याकडे ट्रंकेत आहेत. मी तिला स्कॅन करून पाठवायला सांगितलंय. आली की शनिवारी आपण दोघं मिळून वाचू. अहिराणी शब्द अडला तर आजीला फोन लावायचा. फोन तूच कर, तिला आवडेल.

तुझा,
बाबा