‘स्मॉलव्हिल’चा दहावा सीझन पाहावा की इथेच थांबावे?

तुम्ही विचारले आहे की, ‘स्मॉलव्हिल’ या सुपरमॅनच्या तरुणपणावरच्या अमेरिकी मालिकेचे नऊ सीझन पाहून झाले, आता फक्त दहावा आणि शेवटचा उरला आहे, पण मन घेत नाही. नायक क्लार्कचा मित्र आणि पुढे शत्रू झालेला लेक्स गेला, प्रेयसी लाना गेली, वडील तर पाचव्या सीझनमध्येच गेले, आणि इतके भाग होऊनही क्लार्क, म्हणजे पुढचा सुपरमॅन, अजून उडत नाही, म्हणून गावातले मित्र सोडून दे म्हणतात, असेही तुम्ही लिहिले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: दहावा सीझन पाहा आणि त्यातला एकही भाग गाळू नका. मी ही मालिका शेवटपर्यंत पाहिली आहे आणि नंतर तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळलो आहे. शेवट न फोडता जेवढे सांगता येईल तेवढे सांगतो.

आधी तुमच्या तक्रारीचे बोलू, कारण ती खरी आहे. आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर यांनी ही मालिका उभी केली तेव्हा एक नियम घालून घेतला होता, की नायक तो प्रसिद्ध पोशाख घालणार नाही आणि उडणारही नाही. 16 ऑक्टोबर 2001 रोजी पहिला भाग आला तेव्हा या नियमामुळेच मालिकेला तिचे वेगळेपण मिळाले. सुपरमॅन सगळ्यांना ठाऊक होता, पण तो होण्याआधीचा, शाळेत जाणारा, शक्ती लपवताना घाबरणारा पोरगा कोणी एवढ्या जवळून दाखवला नव्हता. मात्र असा नियम चार-पाच वर्षांच्या गोष्टीला पेलतो, दहा वर्षांच्या गोष्टीला तो जड जातो. टॉम वेलिंग सुरुवातीला 24 वर्षांचा होता आणि शेवटच्या भागाच्या वेळी 34 वर्षांचा. एवढ्या काळात त्याला उडू द्यायचे नाही म्हटले की लेखकांना दरवर्षी नवे कारण शोधावे लागते: कधी स्मृती जाते, कधी शक्ती जाते, कधी एखादा स्फटिक आडवा येतो. चौथ्या सीझनमधल्या चेटकिणींच्या प्रकरणात तुमचा धीर सुटला असेल तर त्यात तुमचा दोष नाही. सातव्या सीझनच्या वर्षी अमेरिकेतल्या लेखकांनी संप केला आणि भाग कमी झाले. तो सीझन संपल्यावर गॉफ आणि मिलर बाहेर पडले, आणि लेक्सची भूमिका करणारा मायकेल रोझेनबामही नियमित भूमिकेतून गेला. आठव्या सीझनमध्ये वर्षभर ज्या डूम्सडे नावाच्या राक्षसाची भीती घातली, त्याच्याशी झालेली लढत काही क्षणांत उरकली, याचा रागही मला तुमच्याइतकाच आहे.

एवढे सगळे मान्य करूनही मी थांबू नका म्हणतो, कारण ही मालिका उडण्याची गोष्ट आहे असे मला कधीच वाटले नाही. ही एका शेतकरी घरातल्या दत्तक मुलाची गोष्ट आहे, आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाला ती बाजू जितकी नीट दिसते तितकी शहरात वाढलेल्या माणसाला दिसत असेल, याबद्दल मला शंका आहे.

पहिला भाग आठवा. लेक्सची गाडी पुलावरून नदीत जाते, क्लार्क त्याला बाहेर काढतो, आणि दुसऱ्या दिवशी केंट यांच्या, म्हणजे क्लार्कच्या घरच्या, दारात नवाकोरा ट्रक उभा राहतो. क्लार्क हरखून जातो. त्याचा बाप जोनाथन मात्र किल्ली परत करायला सांगतो. लेक्सच्या बापाने, म्हणजे लायनेल लूथरने, याच गावातल्या शेजाऱ्यांना अशाच भारी भेटी पाठवल्या, सौद्यात वाटा देण्याचे गोड बोलून त्यांच्या जमिनी घेतल्या, आणि जमीन नावावर झाल्यावर शब्द फिरवून त्यांना घराबाहेर काढले, असे तो मुलाला सांगतो. क्लार्क विचारतो की बापाच्या करणीचा दोष मुलाला का लावायचा. त्यावर जोनाथनचे म्हणणे एवढेच, की हा ट्रक ज्या पैशातून आला तो पैसा कुठून आला हे तुला ठाऊक असले पाहिजे. मग क्लार्क चिडून लाकडे भरडणाऱ्या यंत्रात हात घालतो. हात साबूत राहतो, आणि बापाला त्याला जमिनीखालच्या तळघरात दडवलेले, तो परग्रहावरून ज्यातून आला ते यान दाखवावे लागते.

आमच्या भागात जमिनीचा मोबदला आला आणि वर्षभरात दारोदारी चारचाकी उभ्या राहिल्या, तेव्हा ज्या घरांत हा प्रश्न कोणी विचारला आणि ज्या घरांत कोणी विचारला नाही, त्या दोन्ही घरांचे पुढे काय झाले ते मी पाहिले आहे. म्हणून गोष्ट अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये घडत असली तरी हा प्रसंग मला तिथला वाटत नाही. चित्रीकरण तर कॅन्ससमध्येही झालेले नाही, ते कॅनडातल्या व्हँकुव्हर आणि आसपासच्या भागात झाले. तरीही मक्याचे वावर, गावाबाहेरचा खताचा कारखाना, त्याचा शहरात बसणारा मालक आणि त्याच कारखान्यावर पोट असलेले निम्मे गाव, हे चित्र कपाशी-सोयाबीनच्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आता याच धाग्यावर पुढचे दोन टप्पे पाहा. दुसऱ्या सीझनमध्ये शेतीवर भागत नाही म्हणून क्लार्कची आई मार्था त्याच लायनेलकडे नोकरी धरते. जोनाथनला ते रुचत नाही, पण घरात दुसरा मार्ग नसतो. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला शेत हातचे जाण्याची वेळ येते, आणि ते सोडवायला पुढे येतो तो लेक्सच. ज्या माणसाने ट्रक परत पाठवला त्याच्यावर आपले वावर त्याच हातून वाचवून घेण्याची पाळी यावी, हे लेखकांनी फार जाणून लिहिले आहे. जोनाथनचा अभिमान तिथे मोडत नाही, पण त्याला वाकावे लागते. कर्जापायी ओळखीच्या माणसासमोर मान खाली घालावी लागलेला बाप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जॉन श्नायडरने केलेले काम किती खरे आहे ते कळेल.

त्यानंतर येतो पाचव्या सीझनमधला शंभरावा भाग, 26 जानेवारी 2006 रोजी दाखवलेला. तुम्ही ‘वडील गेले’ एवढेच लिहिले आहे, पण ते कसे गेले यावर शेवटचा सीझन उभा आहे, म्हणून तो भाग पुन्हा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, अशी माझी विनंती आहे. क्लार्क लानाला आपले गुपित सांगतो, कोळसा मुठीत दाबून त्याचा हिरा करतो आणि तिला लग्नाचे विचारतो. ती त्याच रात्री अपघातात जाते. तो आपला परग्रहावरचा जन्मदाता बाप जॉर-एल याच्याकडे तिला परत मागतो, दिवस मागे फिरतो, लाना वाचते, पण एका जिवाच्या बदल्यात दुसरा जीव द्यावा लागणार असतो. जोनाथन निवडणूक जिंकलेला असतो. त्याच रात्री लायनेलशी गाठ पडल्यावर त्याचे हृदय थांबते आणि बायकोच्या व मुलाच्या डोळ्यांदेखत तो जातो. ते हृदयही असेच कमजोर झालेले नव्हते. क्लार्क घर सोडून शहरात वाया जात होता, तेव्हा त्याला परत आणण्यासाठी जोनाथनने जॉर-एलची शक्ती काही काळ अंगावर घेतली होती, आणि साध्या माणसाच्या शरीराला ती झेपली नव्हती. म्हणजे मुलाला घरी आणण्याची किंमत बापाने आधीच मोजायला घेतली होती, आणि ती पुरी झाली पाचव्या सीझनमध्ये.

एवढे मोठे ओझे मुलाच्या खांद्यावर ठेवून मालिकेने पुढची काही वर्षे त्याबद्दल फार कमी बोलणे केले. माझ्या मते मधले सीझन फिके वाटण्याचे खरे कारण हे आहे. उड्डाण लांबले म्हणून ते फिके झाले असे मला वाटत नाही. सहाव्या सीझननंतर मार्थाही वॉशिंग्टनला गेली आणि त्या घरात वडीलधारे कोणी उरले नाही. क्लार्क ‘डेली प्लॅनेट’ या शहरातल्या वृत्तपत्रात नोकरीला लागला, मुक्काम मात्र शेतावरच्या घरीच ठेवला. ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. तो क्षणात शहर गाठू शकतो म्हणून कथेला ते परवडते, हे खरे. पण नोकरी एकीकडे आणि मन वावरात, ही अवस्था आपल्या भागातून पुण्याला गेलेल्या प्रत्येक घरातल्या पोराची आहे. नवव्या सीझनमध्ये काळे कपडे घालून, आपल्यातला क्लार्क केंट संपला असे म्हणत रात्री शहरभर फिरणारा नायक तुम्हाला परका वाटला असेल, तर तो तसाच वाटायला हवा होता. बापाने घडवलेला माणूस टाकून देऊन नुसती शक्ती उरली तर काय होते, हे त्या सीझनमध्ये दाखवायचे होते, असे मी समजतो. तिथली मांडणी सैल आहे, झॉड या खलनायकाचे कथानक लांबले आहे, पण हेतू बरोबर होता.

दहाव्या सीझनमध्ये हा धागा पुन्हा हातात घेतला जातो. 24 सप्टेंबर 2010 रोजी आलेल्या पहिल्याच भागात शेतावर एक भेट होते. ती पाहताना मोबाईल बाजूला ठेवा. चौथा भाग हा मालिकेचा दोनशेवा भाग आहे. त्यात शाळेच्या जुन्या सोबत्यांचा मेळावा आहे, आणि त्या निमित्ताने क्लार्कला स्वतःचा मागचा आणि पुढचा काळ पाहावा लागतो. संपूर्ण मालिकेतल्या सर्वांत चांगल्या पाच भागांत मी त्याला धरतो. दहाव्या भागापासून लायनेल पुन्हा समोर येतो. तो कसा येतो हे सांगत नाही, पण जॉन ग्लोव्हरला पुन्हा पाहणे हाच एक आनंद आहे, आणि दोन बापांची तुलना पहिल्या भागापासून चालत आली आहे, ती तिथे वेगळ्या अंगाने मांडली जाते. पुढे केंट यांचे शेत ठेवायचे की विकायचे, हा प्रश्नही उभा राहतो. मला विचाराल तर या सीझनचा खलनायक डार्कसाइड याच्या संकटापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. जग वाचणार हे कोणत्याही सुपरहिरोच्या गोष्टीत आपल्याला ठाऊक असते. वावर राहील की नाही, याची खात्री मात्र कोणीच देत नाही.

क्लार्कची सहकारी पत्रकार आणि आताची प्रेयसी लोइस हिच्याबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण लाना गेल्यावर प्रेमकथेत दम उरला नाही असे तुमचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. लानाच्या बाबतीत क्लार्कचे सगळे नाते गुपितावर अडले आणि गुपितावरच तुटले. लोइस गुपित कळल्यावर त्याच्या शेजारी उभी राहते, आणि एरिका ड्युरन्सने तिचा मोकळेपणा आणि तिचा हेका दोन्ही इतके छान सांभाळले आहेत की शेवटच्या सीझनचे निम्मे चैतन्य तिच्यामुळे आहे. क्लार्कला पहिल्यांदाच बरोबरीची माणूस मिळते.

काही उणिवा आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मग हिरमोड होणार नाही. डार्कसाइड हा खलनायक म्हणून धुरासारखाच राहतो, त्याला भार येत नाही. टीव्हीच्या खर्चात जे बसत नाही ते बसत नाही, त्यामुळे शेवटच्या भागात मोठी दृश्ये जितकी मोठी हवी होती तितकी नाहीत. मधले दोन-तीन भाग फक्त इतर नायकांची हजेरी लावण्यासाठी आहेत. तरीही ते गाळू नका, कारण क्लार्क स्वतःबद्दल काय ठरवतो याची एक-दोन वाक्ये त्यांतही येतात आणि पुढे ती लागतात.

पाहायची पद्धत म्हणाल तर असे करा. आधी पहिला भाग, मग शंभरावा, आणि त्यानंतर दहावा सीझन सुरू करा. ओलिताच्या पाळीला किंवा जागलीला शेतावर असताना मोबाईलवर पाहत असाल तर मधल्या भागांपुरते ते चालेल. 13 मे 2011 रोजी दाखवलेला समारोपाचा दुहेरी भाग मात्र घरी, मोठ्या पडद्यावर आणि एका बैठकीत पाहा. त्याचे दोन तुकडे करून दोन रात्री पाहिले तर त्याचा जोर जातो. तोपर्यंत इंटरनेटवर त्याची दृश्ये शोधू नका, कारण पहिल्याच शोधात नेमके न पाहायला हवे तेच समोर येते.

लेक्सशिवाय शेवट कसा होणार, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता. रोझेनबाम समारोपासाठी परत येणार ही बातमी तेव्हाच जाहीर झाली होती, म्हणून ती सांगायला हरकत नाही: तो येतो. क्लार्क आणि लेक्स पुन्हा समोरासमोर उभे राहतात, आणि ते जे बोलतात ते ऐकताना तुम्हाला पहिल्या भागातला पूल, नदी आणि दारात उभा राहिलेला तो ट्रक हे सगळे आठवत असले पाहिजे. म्हणूनच पहिला भाग आधी पाहायला सांगितला. सीझन पाहून झाला की शेताबद्दलचा निर्णय तुम्हाला पटला का, हे याच धाग्यात नक्की लिहा. त्यावर माझे मत पक्के आहे, पण ते तुमचे पाहून झाल्यावरच मांडीन.