संत्र्यावरचं शुल्क वाढतं, मग व्यापार करार कशासाठी?

प्रश्न (वरुड-मोर्शी भागातील संत्रा उत्पादक): बांगलादेशने शुल्क वाढवलं आणि आमचा आंबिया बहार (संत्र्याचा एक हंगाम) मातीमोल झाला. सरकार इतर देशांशी करार करतं त्याचा आम्हाला काय उपयोग? उलट बाहेरचा स्वस्त माल इकडे येईल ना?

उत्तर: शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमचं नुकसान हेच करार का करतात याचं उत्तर आहे. 2019 मध्ये किलोमागे 20 रुपयांच्या आसपास असलेलं हे शुल्क 2023 मध्ये 88 रुपयांवर गेलं. आणि त्यात नियमभंगही नव्हता. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देश आपल्या शुल्काची कमाल मर्यादा लिहून देतो. बांगलादेशने बहुतेक शेतमालासाठी ती 200 टक्के ठेवली आहे. तेवढ्या मर्यादेत शुल्क कधीही वाढवता येतं. ते खाली आणून तिथेच बांधून ठेवायचं, तर वाटाघाटी करून करारच करावा लागतो. दक्षिण आशियाचा साफ्टा करार 2006 पासून आहे, पण त्यात संवेदनशील यादीची मुभा आहे. यादीत टाकलेल्या मालाला सवलत मिळत नाही.

तुमची भीतीही खोटी नाही. करारात आपलेही हात बांधले जातात. तुमच्यापैकी अनेकांच्या शेतात सोयाबीन असतं, आणि बाहेरून स्वस्त खाद्यतेल आलं की त्याच्या भावावर दबाव येतो. पाम तेलावर भारत 300 टक्क्यांपर्यंत शुल्क लावू शकतो, सोयाबीन तेलावर मात्र 45 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, कारण तसं आपण लिहून दिलेलं आहे. म्हणून माझ्या मते करारात काय घेतलं याच्याइतकंच काय बाहेर ठेवलं हे पाहावं. नोव्हेंबर 2019 मध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडला, त्यामागे न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे एक मोठं कारण होतं. वाटाघाटी चालू असतानाच उत्पादक संघ आणि लोकप्रतिनिधींमार्फत आपलं म्हणणं लेखी पाठवा. सही झाल्यावर बदल करून घेणं फार अवघड जातं.

आणखी एक. करारामुळे शुल्क उतरतं, तपासणी सैल होत नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहायचं नसेल, तर अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या हॉर्टिनेट या ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंदणी करा, फवारणीची वही तारखेनिशी ठेवा आणि शेवटची फवारणी व तोडणी यांतलं अंतर लेबलवर दिल्याप्रमाणे पाळा. नोंदणीत अडचण आली तर सातबारा घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात या.