घाट चढायचाय, गावंही बघायचीयत

मागच्या अंकात पुणे-भोर-मांढरदेवी-वाई या रस्त्याने सायकलवर जाण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेज येतच राहिले. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, त्यातल्या त्यात जे पुन्हा पुन्हा विचारलंय ते घेतेय.

ताई, मी 47 वर्षांचा, चिंचवडला राहतो. रविवारी हायवेवर 60-70 किमी आरामात होतात. भोरमार्गे वाईला एका दिवसात पोचेन का? का सरळ हायवेने खंबाटकी चढून जाऊ?

पोचाल हो. स्वारगेटपासून धरलं तर शंभरच्या आसपास किमी होतात, चिंचवडहून आणखी वीसेक, म्हणून माझं ऐका आणि पहाटे कारमध्ये सायकल टाकून कात्रजपर्यंत या, शहरातल्या सिग्नलवर पाय दमवण्यात काही मजा नाही. खंबाटकीचं मात्र डोक्यातून काढूनच टाका. चढ काही फार वाईट नाही, पण लोड भरलेले ट्रक फर्स्ट गिअरमध्ये गुरगुरत शेजारून जातात, धूर थेट नाकात, आणि तुम्ही डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर तोल सांभाळत, त्याला कोण सायकलिंग म्हणेल.

कात्रजचा जुना घाट घ्या, जुन्या बोगद्यात शिरायच्या आधी मागचा लाल दिवा लावा, दिवसासुद्धा, कारण बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या गाडीवाल्याला पहिले काही सेकंद काहीच दिसत नाही. शिंदेवाडीला हायवे लागतो, तिथून जिथे मिळेल तिथे सर्व्हिस रोड धरायचा, हा तुकडा कंटाळवाणाच आहे. चेलाडी फाट्याला नसरापूरकडे आत वळून बनेश्वरला जरूर थांबा. नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधलेलं देऊळ, झाडीत, पाण्याची कुंडं, पाय गार होतात. तिथल्या घंटेवर क्रूस आणि 1683 साल दिसेल, ती लक्षात ठेवा, खाली परत तिच्यावर येणार आहे.

कापूरहोळहून भोरला वळलात की ट्रकांचा आवाज मागे राहतो आणि तुमचा स्वतःचा श्वास ऐकू यायला लागतो. भोरला पंतसचिवांचा, म्हणजे भोर संस्थानच्या राजांचा राजवाडा आहे, 1869 चा, आत जायला मिळालं तर नशीब, शूटिंग चालू असेल तर बाहेरूनच बघा. इथे पोटभर खाऊ नका! चढ पुढे आहे. दोन केळी, मूठभर शेंगदाणे-गूळ, बास. मिसळीवर ताव मारून पुढच्या आंबाडखिंडीच्या घाटाला लागलेला एक भिडू मी बघितलाय, पहिल्या दोन वळणांतच मिसळ परत बाहेर.

भोरहून पुढे आंबवडे. हे गाव लोक चुकवतात आणि मला त्याचा राग येतो. ओढ्यावर भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे, त्या पलीकडे झाडीत नागेश्वराचं देऊळ, पुलावरून चालताना फळ्या खालीवर होतात आणि क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे बूट घातले असतील तर टक टक आवाज येतो, ते बूट काढूनच जा, घसरतात. बाटल्या इथेच भरून घ्या. दोन घ्या, तीन असतील तर तीन.

मग आंबाडखिंडीचा घाट. भोर साधारण 600 मीटरवर आणि मांढरदेवीचं देऊळ 4650 फुटांवर, म्हणजे सातआठशे मीटरची चढाई आहे आणि त्यातली बरीचशी इथेच एकगठ्ठा येते. तुमचं हायवेवरचं 60-70 इथे कामाला येत नाही, तिथे पाय फिरवत राहिलं की अंतर सरतं, इथे अर्धा तास पेडल मारूनही खालचं तेच शेत दिसत राहतं आणि तुमच्याबरोबर चाललेली म्हैस पुढे निघून जाते. सायकलच्या कॉम्प्युटरवर किमीचा आकडा झाकून चढाईचा आकडा उघडा ठेवा, डोकं शांत राहतं. आणि हा घाट सकाळी दहाच्या आत संपला पाहिजे, म्हणजे भोरमध्ये आठला हवे तुम्ही. बाराला त्या काळ्या दगडाच्या भिंतीशेजारून चढाल तर तव्यावरची भाकरी व्हाल.

अजून एक, मंगळवार, शुक्रवार आणि पौषातली मांढरदेवीच्या काळूबाईची जत्रा सोडून जा. भाविकांच्या जीप, टेम्पो, पायी माणसं, त्यात आपण रस्ता अडवायचा नाही. वाईच्या बाजूने उतरताना खाली कृष्णेचं खोरं उघडतं, थांबून बघा, चालत्या सायकलवरून बघू नका.

परत येताना हायवेने आलात तर पुण्याकडे जाताना बोगदा लागतो, त्यात सायकल घालावी असं मला कधीच वाटलेलं नाही. मी वाईला मुक्काम करते आणि आल्या वाटेनेच परत फिरते. पायात जीव नसेल तर छोटा हत्ती बघायचा, त्यात लाज कसली.

माझ्या सायकलच्या गिअरच्या चक्रांना पुढे 50-34 आणि मागे 11-28 दात आहेत. वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात गुडघे बोलायला लागले. दुकानदार म्हणतो प्रॅक्टिस करा, होईल. खरंय का?

अर्धं खरंय. हिशोब करा, 34-28 वर पेडलची एक फेरी मारली की सायकल अडीच मीटर पुढे जाते, आणि मागे 34 दात असतील तर दोन मीटरच्या थोडं वर. मिनिटाला 60 फेऱ्या मारायच्या म्हटलं तर पहिल्यात ताशी नऊ किमीने चढावं लागतं, दुसऱ्यात साडेसातने भागतं. ताकद नऊची नसेल तर फेऱ्या 45 वर येतात आणि सगळा जोर गुडघ्यावर. तेव्हा 11-34 कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, टाका, पण आधी तुमचं मागचं आरडी, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर, तेवढं पेलतंय का ते विचारा, छोट्या केजचं असेल तर ते पण बदलावं लागेल आणि चेनही लांब लागेल, खर्च वाढतो. आणि गुडघा पुढून दुखतोय का मागून ते बघा. पुढून असेल तर बहुतेक सीट खाली आहे, मागून असेल तर वर. पाच मिलिमीटरने फरक पडतो, खरंच, आधी फुकटातला उपाय करून बघा मग कॅसेट.

पंक्चरचं काय? गावात दुकान मिळतं ना?

दुकान मिळतं, पण व्हॉल्व्ह जुळत नाही! आपल्या रोड बाइकला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या कॉम्प्रेसरची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची. एका गावात फाट्यावरच्या काकांनी माझा व्हॉल्व्ह उलटासुलटा करून बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, हे काय इंजेक्शन आणलंय बाई. बोटाच्या पेरापेक्षा छोटी पितळी टोपी मिळते, अडॅप्टर म्हणतात, ती व्हॉल्व्हवर बसवायची की कुठल्याही दुकानात हवा भरता येते. माझी चावीच्या जुडग्यात असते. शिवाय दोन ट्यूब, लिव्हर, पंप आणि एक चिमटा, भुवयांचा असतो तो, कारण हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार घुसते, ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाने ओढून निघत नाही आणि नवीन ट्यूब टाकली तरी दहा मिनिटांत परत फुस्स.

ताई, मी 19 वर्षांची, साताऱ्याची. घरचे एकटीला सोडत नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाच टॉयलेटचं टेन्शन असतं, म्हणून पाणीच कमी पिते.

पाणी कमी पिऊ नकोस ग बाई, घाटात ते फार महागात पडतं, मी पण पहिली दोन वर्षं हेच केलं आणि एकदा मांढरदेवीच्या वर डोकं गरगरून रस्त्याकडेला बसले. हायवेवर पेट्रोल पंप आहेत. आत गावात मात्र सरळ घराच्या अंगणात उभं राहायचं आणि जी बाई दिसेल तिला म्हणायचं, मावशी, जरा बाथरूमला जाऊन येऊ का. आजवर एकीनेही नाही म्हटलेलं नाही, उलट बाहेर आले की चहा तयार असतो आणि प्रश्न सुरू होतात, लग्न झालंय का, एकटीच का, पाय दुखत नाहीत का, सायकल केवढ्याला. किंमत खरी सांगू नकोस, मी एकदा सांगितली तर आजी म्हणाल्या त्यात म्हैस आली असती. आणि त्यांचं खरंच होतं.

घरच्यांसाठी पहिले दोनतीन वेळा ग्रुपबरोबर जा, फोनचं लाइव्ह लोकेशन आईला पाठव. आई स्वतःहूनच विचारायला लागेल, आज कुठला घाट.

उतारावर भीती वाटते, मी पूर्ण उतार ब्रेक दाबूनच येतो. चूक आहे का?

चूक. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला घासणारे ब्रेक, असतील तर जास्तच चूक. पसरणी उतरताना मी असंच केलं होतं, पाचगणीपासून ब्रेकवर बोटं चिकटलेली, हॅरिसन्स फॉलीच्या खाली कुठेतरी फाट्कन आवाज झाला आणि मागचं चाक फतफत करायला लागलं. सरळ रस्ता होता म्हणून गटाराशी थांबले, नाहीतर हा कॉलम दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता. रिमला बोट लावलं तर चटका बसला. तापलेल्या रिमने आतली हवा फुगते आणि ट्यूब जाते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकदम जोरात पण थोडाच वेळ, मग सोडायचे, रिमला वारा लागू द्यायचा. वळणात बाहेरचा पाय खाली आणि नजर वळण जिथे संपतं तिथे, खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल.

जुलैमध्ये वरंधा घाट करायचाय, धबधबे बघायला. मस्त होईल ना?

नाही. पावसाळ्यात तो घाट बहुतेक वेळा बंदच करतात, दरडी येतात. नोव्हेंबरात जा.

कुत्री मागे लागतात.

उतरा, सायकल मधे धरा, चालत जा. पळालात की त्यांना खेळ मिळतो.

तुम्ही दरवेळी सांगता इथे थांबा तिथे थांबा, देऊळ बघा वाडा बघा. अशाने अ‍ॅव्हरेज काय राहील? आम्ही बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइडची, तयारी करतोय, टुरिझमची नाही.

दादा, राग आला नाही, विचारलंत ते बरं केलं. 200 किमीच्या बीआरएमला साडेतेरा तास देतात, म्हणजे ताशी पंधराचंही अ‍ॅव्हरेज लागत नाही आणि त्यात थांबणं धरलेलं असतं. चढ तुमचा वेळ खातो त्याला इलाज नाही, पण मी लोकांचा वेळ जाताना बघितलाय तो टपरीवर, मोबाइलमध्ये अ‍ॅव्हरेज बघत, चाळीस मिनिटं. त्यातली वीस मला द्या आणि वाईहून मेणवलीला या, तीनेक किमी आहे, रस्ता सपाट.

नाना फडणवीसांचा वाडा आहे तिथे, सहा चौकांचा, मेणवली दप्तर म्हणतात ते कागद याच वाड्यातले. वाडा नाही बघितला तरी चालेल, मागे घाटावर उतरा. मेणेश्वराच्या देवळाशी छोट्याशा घुमटीत एक भलीमोठी घंटा टांगलीय. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा इकडे आल्या, ही त्यातली, अंगावर बाळाला घेतलेली मेरी आणि 1707 साल. सकाळी बनेश्वरला पाहिलीत तीही त्यांतलीच. म्हणजे तुमच्या एका दिवसाच्या रूटवर वसईच्या दोन घंटा, आणि त्यांना इथवर बैलगाडीने आणलं असेल का हत्तीवरून, कुठला घाट चढवला असेल, ते वजन घेऊन, ह्याचा विचार आंबाडखिंडीत केला की आपल्या नऊ किलोच्या कार्बन सायकलबद्दल तोंड उघडवत नाही.

मागच्या खेपेला तिथे पायरीवर बसले होते, बूट काढून पाय कृष्णेत. शेजारी एक बाई गोधडी धूत होत्या. त्यांनी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं, पिळायला. पाच मिनिटं गेली त्यात. अ‍ॅव्हरेज 16.2 होतं, 16.1 झालं.