मंगळावरचं कोन्सेप्सिऑन विवर फक्त हजार वर्षांपूर्वीचं आहे, हे कशावरून ठरवलं?

विवराभोवती उडालेले दगड वाळूच्या लाटांवर पडलेले आहेत आणि अजून झिजलेले नाहीत, मुख्यतः यावरून. नासाचा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर (मंगळावर फिरणारी यांत्रिक गाडी) 2010 च्या सुरुवातीला मेरिडियानी मैदानातल्या या साधारण 10 मीटर रुंदीच्या खड्ड्यापाशी पोचला. फोटोंत दिसतं की दगडांचे तुकडे टोकदार कडांसह वाळूच्या उंचवट्यांवर विखुरलेत. म्हणजे वाळूच्या लाटा आधीच्या, विवर पाडणारा उल्केचा आघात नंतरचा. या लाटा शेवटच्या सरकल्या त्यालाही हजारो वर्षं झाली असावीत. शिवाय तिथला खडक मऊ, सल्फेटयुक्त. वाऱ्याबरोबर घासत जाणारी वाळू तो लवकर झिजवते. तरीही कडा शाबूत आहेत, ही मला सगळ्यात पटणारी खूण वाटते. कक्षेतल्या यानाला दिसलेले, विवरातून बाहेर फाकलेले गडद पट्टेही अजून पुसले गेलेले नाहीत.

मात्र ‘हजार वर्षं’ हा ढोबळ अंदाज आहे. दगड पृथ्वीवर आणून प्रयोगशाळेत वय मोजलेलं नाही. ‘भूशास्त्रीयदृष्ट्या अगदी ताजं’ एवढं मात्र खात्रीनं म्हणता येतं.