रजेवरून आले तर टीम दुसऱ्याकडे!

प्रश्न : ताई, मी पुण्यात आयटीत आहे, बाळंतपणाच्या रजेआधी नऊ जणांची टीम लीड करायचे. सहा महिन्यांनी परत आले तर टीम दुसऱ्याकडे, सोमवारच्या मीटिंगचं इन्व्हाइटसुद्धा येत नाही. मॅनेजर म्हणतात, 'बाळ लहान आहे, टेन्शन कशाला घेतेस?' पगार तेवढाच आहे, मग तक्रार करू की गप्प बसू?

उत्तर : अगं, गप्प अजिबात बसू नकोस! काळजीच्या नावाखाली तुझं पद काढून घेतलंय आणि तुला एका शब्दाने विचारलंही नाही, मला तर वाचूनच संताप आला. २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून आहे हे सगळ्यांना माहितीये, पण रजेवर असताना बाईच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत हे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच होतं आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, हे कुणी सांगतच नाही. पगार तेवढाच म्हणून नुकसान नाही असं ते म्हणतील, पण टीमच नसेल तर पुढच्या अप्रेझलला दाखवणार काय?

आधी एचआरला साधा मेल टाक, रजेआधी काय काम होतं, आता काय आहे, बदल कधी नि का केला ते लेखी विचार. जुनी अप्रेझल लेटर्स जोड. ५० किंवा त्याहून जास्त स्टाफ असेल तर पाळणाघराचंही त्याच मेलमध्ये विचार, ते द्यावंच लागतं. लेखी उत्तर टाळलं तर कामगार वकिलाला गाठ, राजीनामा मात्र रागाच्या भरात देऊ नकोस.