स्कार्फ मागे घसरतो, आवळला की डोकं दुखतं

धर्माच्या रीतीप्रमाणे डोकं झाकायला बांधलेला रेशमी स्कार्फ दुपारपर्यंत मागे का जातो, आणि पुढचे थोडे केस दिसले तर चालतं का, हे तुमचे दोन प्रश्न. दुसरा आधी घेते. किती झाकायचं हे ठरलं की कसं बांधायचं हे निम्मं ठरतं.

ज्यू परंपरेत केस झाकायचा नियम लग्न झालेल्या बायकांचा. विसाव्या शतकातले नावाजलेले ज्यू धर्मपंडित रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी एका टेफाखपेक्षा, म्हणजे तळहाताच्या रुंदीपेक्षा (सुमारे ८ सेंटीमीटर) कमी केस दिसायला मुभा दिली. बऱ्याच हसिदी (ज्यूंमधला एक कडक परंपरावादी पंथ) घरांत एक बटही चालत नाही. मुस्लिम बायका हिजाब परक्या पुरुषांसमोर घेतात, नमाजात मात्र एकट्या असल्या तरी केस झाकतात. कॅथलिकांमध्ये प्रश्न चर्चपुरताच: १९१७ च्या धर्मसंहितेच्या १२६२ व्या कलमात डोकं झाकायला सांगितलं होतं, १९८३ च्या संहितेत ते नाही. मँटिला, म्हणजे चर्चमध्ये डोक्यावर घ्यायची जाळीदार ओढणी, आता ज्याची त्याची मर्जी. गुरुद्वारात तर पुरुषांनीही डोकं झाकायचं असतं. तेव्हा चार बटांची मुभा आहे की नाही, हे तुमच्या परंपरेतल्या जाणत्यांनाच विचारा, आमच्यासारख्यांना नाही.

आता घसरण्याचं. दोष बहुतेक वेळा गाठीचा नसतो, खालच्या थराचा असतो. धुतलेले केस गुळगुळीत, रेशीम त्याहून गुळगुळीत, त्यात मागे लोंबणारी टोकं कापडाला सतत खाली ओढतात. गाठ आवळून हे थांबत नाही, फक्त कपाळ दुखतं. केसांच्या रेषेवर ४-५ सेंटीमीटर रुंदीची मखमली पट्टी लावा, लव बाहेरच्या बाजूला. पूर्ण झाकायचं असेल तर सुती आतली टोपी. सॅटिनची टोपी केसांना बरी, पण तिच्यावर रेशीम टिकत नाही. सॅटिनच हवं असेल तर वर सुती व्हॉइल किंवा व्हिस्कोज घ्या.

चौकोनी स्कार्फ १०० ते ११० सेंटीमीटरचा हवा. ९० चा घेतला तर टोकं आखूड पडतात आणि गाठ सुटते. तिकोनी घडी घाला, घडीची कड पट्टीच्या पुढच्या कडेपेक्षा जरा मागे, पट्टीवरच ठेवा, टोकं कानांच्या मागून नेऊन अंबाड्याच्या खाली बांधा. अंबाडा मानेलगत खाली असला की तोच कापड अडवून धरतो. वर बांधलात तर कापड त्याच्यावरून सटकतं. लांब आयताकृती स्कार्फ ७० बाय १८० चा पुरतो.

कपाळाशी एक बोट सहज जायला हवं. रोज त्याच जागी ताण बसला तर कानशिलांवरचे केस विरळ होतात, म्हणून भांग आणि अंबाड्याची जागा बदलत राहा. ओल्या केसांवर कधीच बांधू नका, वास तर येतोच, टाळूलाही खाज सुटते.

मँटिलाचं तंत्र वेगळं: पुढच्या कडेला आतून छोटा कंगवा शिवून टाका, पिना लागतच नाहीत. रेशमाला टाचणीने भोकं पडतात, तिथे चुंबकी पिना सोयीच्या. पण पेसमेकर असेल तर त्या छातीजवळ लावू नका आणि एमआरआयच्या आधी आठवणीने काढा.